जेवणाच्या वेळेला जा

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीकडच्या त्या आजोबांना गिळता येत नाही, घरचे पोटात अन्न जायला नळी घाला म्हणतात, मी त्यांना काय सांगू, असं तू विचारलंस. सांगण्याआधी होम व्हिजिटची वेळ बदल. तू जातेस तेव्हा जेवणं आटोपलेली असतात आणि पेशंट झोपलेला असतो. जेवणाच्या वेळेला जा. एक अख्खं जेवण बघ, मध्ये काही शिकवू नको.

भरवणारं माणूस उभं आहे की बसलंय? उभ्यानं भरवलं की पेशंट मान वर करतो, आणि वर केलेल्या मानेनं घास श्वासनलिकेत जायचा धोका वाढतो. ठसका कशानं लागतो, पाण्यानं की भाकरीनं? लकवा किंवा पार्किन्सनच्या माणसाला बहुधा पातळ पदार्थ सांभाळता येत नाहीत. अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये उलटं, भाकरी छातीत अडते आणि पाणी उतरतं. निपाणी भागात तंबाखू-मिश्रीपायी तोंडाचा कॅन्सर झालेले पेशंट तुला भेटतीलच. त्यांतल्या काहींचं तोंडच बोटभर उघडतं. या तिघांना एकच सल्ला देऊन कसं चालेल? घास गिळल्यावर ‘आ’ म्हणायला सांग. आवाज ओला, घोगरा आला तर काहीतरी स्वरयंत्रापाशी राहिलंय. ठसका लागला नाही म्हणून निर्धास्त होऊ नको. काहींच्या फुफ्फुसात अन्न चुपचाप उतरतं आणि वारंवार ताप, छातीत घुरघुर, एवढंच दिसतं.

मग टॉर्च घेऊन तोंडात बघ. सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथंच होतं, याचं मला फार वाईट वाटतं. जिभेवर, गालाच्या आत पांढरा थर असेल तर ती बुरशी असू शकते. गिळताना आग होते म्हणून माणूस तोंड मिटून घेतो आणि घरचे म्हणतात, अन्नावरची वासना उडाली. डॉक्टरांना कळव. औषधानं काही दिवसांत पुन्हा खाणारे पेशंट मी पाहिलेत. तोंड कोरडं पडणं हे कधी औषधांमुळंही असतं, तेही विचार. जो काहीच खात नाही त्याचंही तोंड रोज दोन-तीनदा स्वच्छ व्हायला हवं, कारण घाण लाळ छातीत गेली तर न्यूमोनिया होतो.

खाण्याबद्दल आपल्या स्वयंपाकघरातच बरंच काही आहे. ज्याला पाण्याचा ठसका लागतो त्याला नाचणीची गाळलेली, गुठळी नसलेली आंबील जमते का बघ. पण चमचा तोंडात घालून पुन्हा त्याच वाटीत बुडवत राहिलं की लाळेनं आंबील पातळ होते. म्हणून थोडी थोडी वेगळ्या वाटीत काढायला सांग. पातळ आमटीत भाताची शितं, चहात भिजवलेली खारी, असं दोन जातीचं एकत्र खाणं सगळ्यात अवघड. ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, आधीचा घास उतरल्यावरच पुढचा. नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. झोपेत, गुंगीत असलेल्याला तर अजिबात भरवायचं नाही.

आता नळी. माणूस हिंडता-फिरता आहे, त्याला भूक लागते आणि फक्त गाठीमुळं वाट बंद झालीय, तर नळीचा खरा उपयोग आहे, डॉक्टरांशी बोल. पण स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळीनं आयुष्य वाढत नाही, न्यूमोनियाही टळत नाही. उलट माणूस ती उपसतो आणि हात बांधायची वेळ येते. सून विचारेल, “म्हणजे उपाशी मारायचं काय?” तिच्यावर चिडू नको. या घरांत जेवू घालणं हीच माया असते. तिला समजाव, की शरीर थांबत आलं की भूक आधी मावळते. न खाण्यामुळं ते जात नाहीत, जायला लागलेत म्हणून खात नाहीत. मग तिच्या हाताला दुसरं काम दे: ओल्या कापसानं तोंड पुसणं, ओठांना व्हॅसलीन लावणं. आजोबा शुद्धीवर आहेत आणि दोन चमचे चहा मागतात, तर धोका समजावून, डॉक्टरांना विचारून, बसवून द्यावा. त्या टप्प्यावर मी समाधानाला जास्त मान देते.

कुणी तुळशीपत्र आणि गंगाजल घेऊन आलं तर अडवू नको. ओतू मात्र नका म्हणावं. कुशीवर वळवून ओठांवर एक थेंब टेकवला तरी पुरे.

आणि गोळ्या. औषधांचं कार्ड इंग्रजीत, मेडिकलवाला कन्नडमध्ये सांगतो आणि घरात मराठी. गिळवत नाही म्हणून कुणीतरी मॉर्फिनची गोळी कुटून देतं. नावापुढं ‘एसआर’ असेल तर ती हळूहळू विरघळणारी असते. कुटली तर सगळा डोस एकदम अंगात जातो आणि श्वास मंदावू शकतो. येत्या फेरीत प्रत्येक पाकीट हातात घेऊन बघ. कुटायच्या नसलेल्या गोळ्यांची नावं कॅलेंडरच्या मागं मराठीत ठळक लिहून दे, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडून त्यांच्याऐवजी पातळ औषध किंवा कातडीखालचं इंजेक्शन लिहून घे.

तुझी,
ताई