प्रकाश किती अडला? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) आणि पोटॅशियम परमँगनेट यांची द्रावणे सारख्याच संहतीची (तीव्रतेची) केली, तरी परमँगनेट कितीतरी गडद दिसते. असे का? (शिक्षिका, कनिष्ठ महाविद्यालय, दादर)

एखादा पदार्थ प्रकाश किती जोरकसपणे शोषतो, हे त्याच्या मोलर शोषकतेवरून कळते. एक लिटरमध्ये एक मोल पदार्थ असलेल्या द्रावणातून प्रकाश एक सेंटीमीटर गेला, तर अ‍ॅब्सॉर्बन्स (प्रकाश किती अडला त्याचे माप) किती येईल, हे ती सांगते. परमँगनेटची शोषकता ५२५ नॅनोमीटरच्या आसपास सुमारे २,४०० असते, तर पाण्यातील तांब्याच्या आयनाची सुमारे ८०० नॅनोमीटरला जेमतेम १२. तांब्याच्या आयनात इलेक्ट्रॉन एका डी-कक्षकातून (अणूतील इलेक्ट्रॉनच्या एका ठरावीक जागेतून) दुसऱ्या डी-कक्षकात जातो आणि क्वांटम यामिकीच्या नियमांनुसार ही उडी जवळजवळ निषिद्ध असते. परमँगनेटमध्ये मात्र तो ऑक्सिजनकडून मँगनीजकडे सरकतो आणि या स्थलांतराला तशी आडकाठी नसते. शिवाय तांब्याचे शिखर आपल्या दृष्टीच्या पल्ल्याबाहेर, अवरक्ताच्या सीमेवर आहे. आपल्याला दिसणारा निळा रंग हा तांबड्या भागात उतरलेल्या त्याच्या शेपटाचा परिणाम आहे, म्हणून डोळ्यांनी केलेली तुलना तांब्यावर जरा अन्यायच करते.

बीअर-लँबर्ट नियमानुसार संहती दुप्पट केली की अ‍ॅब्सॉर्बन्सही दुप्पट व्हायला हवा. माझा परमँगनेटचा आलेख २ च्या पुढे वाकतो. नियम चुकतो की यंत्र? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, विलेपार्ले)

आपल्या बाबतीत बहुधा यंत्र. सुमारे ०.०१ मोलरच्या वर रेणूंचा परस्परांवर परिणाम होऊ लागतो आणि तेथे नियमही ढिला पडतो, हे खरे. परंतु परमँगनेटचा अ‍ॅब्सॉर्बन्स २ येण्यास ०.००१ मोलरपेक्षाही कमी संहती पुरते. स्पेक्ट्रोफोटोमीटर शोषलेला प्रकाश मोजत नाही, पलीकडे पोहोचलेला प्रकाश मोजतो आणि त्याचा लॉगॅरिदम काढून आपल्याला आकडा दाखवतो. अ‍ॅब्सॉर्बन्स १ म्हणजे १० टक्के प्रकाश पार झाला, २ म्हणजे १ टक्का आणि ३ म्हणजे केवळ ०.१ टक्का. आता यंत्रात नको त्या तरंगलांबीचा ०.१ टक्का भरकटलेला प्रकाश असेल, तर शोधकापर्यंत ०.१ ऐवजी ०.२ टक्के प्रकाश पोहोचतो आणि ३ च्या जागी २.७ दिसते; द्रावण कितीही दाट केले तरी आकडा ३ च्या पुढे जातच नाही. द्रावण मोजून विरल करावे, वाचन साधारण ०.२ ते ०.८ मध्ये आणावे आणि मग जितके पट विरल केले तितक्याने गुणाकार करावा. (मार्गाची लांबी आणि प्रकाशाची घट यांचा संबंध पिएर बूगेर यांनी १७२९ मध्येच मांडला होता, लँबर्ट यांचा ग्रंथ १७६० चा आणि बीअर यांचे काम १८५२ चे, तरी प्रचलित नावातून वगळले गेले ते बूगेरच.)

डीएनएचे २६० नॅनोमीटरला वाचन घेताना नुसत्या पाण्याचेही वाचन प्रचंड येते. (संशोधक विद्यार्थी, कलिना)

क्यूवेट (नमुना ठेवायचे छोटे पारदर्शक पात्र) काचेचा किंवा साध्या प्लास्टिकचा असणार. दोन्ही त्या तरंगलांबीचा प्रकाश अडवतात, क्वार्ट्झचा वापरावा.

पावसाळ्यात नळाचे पाणी गढूळ आले, तेव्हा कलरीमीटरवर ४२० नॅनोमीटरला वाचन वाढले. पाण्यात रंग विरघळला आहे, असे म्हणावे का? (शालेय प्रकल्पाचे मार्गदर्शक, कुर्ला)

एवढ्यावरून नाही. मातीचे सूक्ष्म कण प्रकाश शोषण्यापेक्षा तो इकडेतिकडे विखुरतात, परंतु समोरच्या शोधकाला दोन्हींतला भेद कळत नाही. जे पोहोचले नाही ते सारे शोषले गेले, असेच तो धरून चालतो. पाणी ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणपटलातून गाळून पुन्हा वाचन घ्यावे. उरलेले वाचन मुख्यतः विरघळलेल्या रंगाचे आणि कमी झालेले गढूळपणाचे. निरनिराळ्या तरंगलांबींना वाचने घेता आली तर आणखी एक खूण मिळते : विखुरण्यामुळे आलेले वाचन कोठेही शिखर न दाखवता निळ्या टोकाकडे हळूहळू चढत जाते. नमुना फ्रिजमधून काढून लगेच यंत्रात ठेवू नये, कारण मुंबईच्या जुलैतल्या दमट हवेत क्यूवेटवर क्षणात दव धरते आणि तेही वाचनात मिळते. गढूळपणाच मोजायचा असेल, तर ९० अंशांत विखुरलेला प्रकाश मोजणारा नेफेलोमीटर हे योग्य साधन आहे. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या मानकात गढूळपणाची स्वीकार्य मर्यादा १ एनटीयू (गढूळपणाचे एकक) असून, दुसरा स्रोत नसल्यास ५ पर्यंत सूट आहे.