प्रशिक्षण होऊनही सिस्टर चुका का कळवत नाहीत?

प्रश्न असा आहे : रुग्णसुरक्षेचं प्रशिक्षण झालं, तरी वॉर्डमधून चुकांची नोंद येत नाही. सिस्टरची वृत्ती बदलायची कशी?

आधी चूक कळवायचा फॉर्म भरल्यावर काय होतं ते बघा. इन्चार्जकडून तो मेट्रनकडे जातो आणि पुष्कळदा मेमो होऊन परत येतो. एकीला मेमो मिळाला की बाकीच्या शहाण्या होतात. वर्षभर एकही नोंद नसलेल्या वॉर्डची मला जास्त धास्ती वाटते.

इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, बहुधा मिलिलिटरला ४० युनिटची, इन्सुलिन पेनमध्ये बसणारं कार्ट्रिज १०० चं. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची नारिंगी. पेनच्या सुया संपल्या म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर आत पाव मिलिलिटर येतं. म्हणजे २५ युनिट, अडीचपट डोस! उलट, व्हायलमधून नारिंगी सिरिंजने १० पर्यंत भरलं तर जातात ४ च. साखर उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवतात, आणि पुढच्या ड्युटीला कोणी बरोबर सिरिंज घेतली की रुग्णाची साखर एकदम खाली येते. इथे सिस्टरला नियम ठाऊक असतो. सुया संपलेल्या असतात, किंवा दोन्ही सिरिंज एकाच ट्रेमध्ये असतात.

टोचण्याआधी कुणाच्या लक्षात आलं, तर ती नोंद सर्वात मोलाची. पण 'काही झालं नाही ना, मग सोड' म्हणून तीच राहून जाते. अशा नोंदीला अर्ध्या पानाचा बिननावाचा फॉर्म ठेवा : औषध, वेळ, काय पकडलं, कशामुळे. आठवड्याच्या आत हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना, सांगा की यातून काय बदललं : सिरिंजचे कप्पे वेगळे केले, पेनच्या सुया दर ड्युटीला मोजायच्या. बदल दिसला की नोंदी येऊ लागतात. भाषणांनी येत नाहीत.

औषध देण्याआधीचा डबल चेक म्हणजे दुसऱ्या सिस्टरची नुसती सही नव्हे. तिने ऑर्डर स्वतः वाचावी, व्हायलवरची ताकद आणि सिरिंज पाहून युनिट मोठ्याने सांगावेत. रात्री वॉर्डात एकटीच सिस्टर असेल तर ड्युटी डॉक्टरला बोलवावं, आणि तसं लेखी ठरलेलं असावं. नाहीतर झोपमोड केली म्हणून बोलणी तिनेच खायची. हे इन्सुलिन, हेपरिन (रक्त पातळ करणारं), पोटॅशियम क्लोराइड अशा, डोस चुकला तर जिवावर बेतणाऱ्या मोजक्या औषधांपुरतंच ठेवा. प्रत्येक गोळीला लावलंत तर महिनाभरात नुसत्या सह्या उरतील.