लॅब्राडॉरचं पिल्लू आणि बोका: दोघांसाठी पौष्टिक खाणं कसं निवडायचं?

प्रश्न: नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. घरात तीन महिन्यांचं लॅब्राडॉरचं पिल्लू आहे आणि नसबंदी झालेला दीड वर्षाचा बोका आहे. आम्ही शाकाहारी. दोघांनाही दूध-पोळी, वरणभात आणि पिल्लासाठी आणलेलं ड्राय फूड देतो. दुकानात इतक्या कंपन्यांची पोती असतात. पौष्टिक कोणतं हे ओळखायचं कसं?

उत्तर:

आधी बोक्याचं सांगतो, कारण तुमच्या घरात खाण्याची खरी आबाळ त्याची होते आहे. कुत्रा पोळी-भातातला स्टार्च बऱ्यापैकी पचवतो आणि मिश्र आहारावर नीट जगतो. मांजराला मात्र मांसातूनच मिळणाऱ्या काही गोष्टी लागतातच. त्यातली सगळ्यात महत्त्वाची म्हणजे टॉरिन हे अमिनो आम्ल. मांजराच्या शरीरात ते पुरेसं तयार होत नाही आणि धान्य-डाळींत ते जवळजवळ नसतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचा स्नायू सैल पडून हृदय फुगतं. या हृदयविकाराचं मूळ टॉरिनच्या कमतरतेत आहे हे १९८७ मध्ये पुढे आलं, आणि त्यानंतर कॅट फूडमधलं टॉरिन वाढवण्यात आलं. तसंच गाजर-भोपळ्यातल्या बीटा कॅरोटिनपासून कुत्रा जीवनसत्त्व अ बनवू शकतो, मांजर नाही. टॉरिनची कमतरता महिनोन्‌महिने दिसत नाही. दिसते तेव्हा डोळ्यांचं झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणून बोक्याला पिल्लाचं खाणं रोज देणं आजपासून थांबवा आणि त्याच्यासाठी वेगळं कॅट फूड आणा. घरात मांस शिजवायची गरज नाही. बंद पाकीट आणि वेगळी भांडी एवढ्यावर भागतं. पण मांजराला शाकाहारी ठेवायचा विचार असेल तर तो सोडून द्या, एवढं मी स्पष्टच सांगेन.

आता पाकीट. पुढच्या बाजूचं चित्र, ‘प्रीमियम’, ‘नॅचरल’ हे सगळं सोडा आणि पोतं उलटं करा. सर्वांत आधी हे खाणं पूर्ण आणि संतुलित आहे, आणि कोणत्या वयासाठी आहे, हे सांगणारं वाक्य शोधा. बऱ्याच पाकिटांवर ते आफको या अमेरिकी किंवा फेडियाफ या युरोपीय मानकाचा हवाला देऊन छापलेलं असतं. ‘पूरक आहार’ किंवा ‘ट्रीट’ असं लिहिलं असेल तर ते जेवण नव्हे. बरेचसे मलईदार ट्यूब-ट्रीट याच प्रकारातले असतात आणि मांजरं त्यांच्यासाठी जेवण सोडतात.

मग आकडे. आफकोची किमान पातळी, पाणी वगळून, अशी आहे: मोठ्या कुत्र्याला प्रथिनं १८ टक्के, पिल्लाला २२.५, मोठ्या मांजराला २६, मांजराच्या पिल्लाला ३०. पाकिटावरचा आकडा मात्र पाण्यासकट असतो, आणि तुलना इथेच चुकते. ओल्या खाण्याच्या पाउचवर प्रथिनं ९ टक्के आणि ओलावा ८० टक्के लिहिलंय, तर कोरडा भाग उरतो २०. ९ भागिले २०, म्हणजे ४५ टक्के. ड्राय फूडवर प्रथिनं २४ आणि ओलावा १० असेल तर २४ भागिले ९०, म्हणजे साधारण २७. नुसते छापील आकडे पाहणाऱ्याला पाउच फसवं वाटतं, खरं तर तेच जास्त प्रथिनांचं असतं.

हाच हिशेब घरच्या जेवणाला लावा. कोरड्या वजनावर भातात प्रथिनं ८ टक्क्यांच्या आसपास, पोळीत १२ च्या आसपास. वाढत्या पिल्लाला २२.५ लागतात. दूध घालून ही दरी बुजत नाही. शिवाय पिल्लू मोठं होतं तशी दुधातली साखर पचवायची ताकद कमी होते आणि जुलाब लागतात. बोक्यालाही दुधाची गरज नाही, पाणी लागतं.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण ते वजन शिजवण्याआधीचं. ताज्या चिकनमध्ये सुमारे ७० टक्के पाणी असतं, त्यामुळे ते पहिल्या क्रमांकावर दिसलं तरी वाळल्यावर मागे जातं. ‘चिकन मील’ (चिकनची भुकटी) हे आधीच वाळवलेलं असतं, त्याला कमी समजू नका. तांदूळ, तांदळाचं पीठ, तांदळाचा कोंडा असे तीन तुकडे वेगवेगळे लिहिले असतील तर मनात त्यांची बेरीज करा. आणि धान्य नसलेलं ‘ग्रेन-फ्री’ खाणं म्हणून जास्त पैसे मोजू नका. वाटाणा-मसूर भरलेल्या अशा काही खाण्यांचा आणि कुत्र्यांच्या हृदयविकाराचा संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये सुरू केली होती. कारण ठामपणे सिद्ध झालेलं नाही, पण धान्याची ॲलर्जी नसलेल्या पिल्लाला ते देऊन फायदाही नाही.

लॅबसाठी एक गोष्ट फार जपायची: कॅल्शियम. पोत्यावर ‘लार्ज ब्रीड पपी’ असं हवं. अशा खाण्यात कॅल्शियमची कमाल मर्यादा कोरड्या वजनावर १.८ टक्के ठेवलेली असते. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाचं आतडं जादा कॅल्शियम बाहेर ठेवू शकत नाही, येईल तेवढं बरंचसं शोषून घेतं. संतुलित खाण्यावर कॅल्शियमचं सिरप चालू केलं की हाडं-सांध्यांची वाढ बिघडते, पाय वाकडे होऊ शकतात. उलट नुसतं मांस किंवा नुसती पोळी दिली तर कॅल्शियम कमी पडून हाडं ठिसूळ होतात. त्यामुळे बाटली आणायची तर आधी पशुवैद्यांना पाकीट दाखवा.

किती द्यायचं? दहा किलोच्या तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसाला साधारण १,१५० ते १,२०० किलोकॅलरी. ड्राय फूड १०० ग्रॅमला ३८० किलोकॅलरीचं असेल तर सुमारे ३०० ग्रॅम, तीन-चार वेळांत विभागून. चार महिन्यांनंतर वजनाच्या हिशेबात गरज उतरते. चार किलोच्या नसबंदी झालेल्या बोक्याला २४० किलोकॅलरी पुरतात, म्हणजे ६०-६५ ग्रॅम ड्राय फूड. एक पाउच देणार असाल तर ड्राय ४५ ग्रॅमवर आणा. वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. हे आकडे सुरुवातीचे आहेत. दर आठवड्याला वजन करा आणि बरगड्यांवर हात फिरवा: दिसायला नकोत, पण बोटांना सहज लागायला हव्यात. लॅब गुबगुबीत छान दिसतं म्हणून वाढवू नका, त्याचे नितंबाचे सांधे आधीच नाजूक. पोळीचा तुकडा, पनीर, दही, जे काही वरचं असेल ते दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवा.

बोक्याला निदान एक वेळ ओलं खाणं द्या. मांजरं पाणी कमी पितात, आणि बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. तो वाळूत वारंवार बसून कुंथतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.

बदल हळूहळू. पिल्लाला सात दिवसांत: दोन दिवस नवं पाव भाग, दोन दिवस अर्धं, दोन दिवस पाऊण, मग पूर्ण. बोक्याला दहा ते चौदा दिवस. ‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट मांजराशी चालत नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातही ते लठ्ठ असलं, तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं.

सुटं ड्राय फूड कधीच घेऊ नका. त्यावर ना तारीख, ना घटक, आणि पावसाळ्यात त्याला बुरशी लागते. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृत खराब करतं. पोतं महिन्याभरात संपेल असंच घ्या. ते मूळ पोत्यासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, म्हणजे बॅच क्रमांकही हाताशी राहतो.

आणि नाशिकच्या घरात हटकून असणारे दोन पदार्थ: द्राक्षं आणि कांदा. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि अमुक इतकी चालतात असं सुरक्षित प्रमाण सांगता येत नाही. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असं आता मानलं जातं. चिंचेतही तेच असतं, म्हणून चिंच-गुळाची आमटीही नको, बेदाणे घातलेला शिराही नको. हंगामात द्राक्षांची पेटी जमिनीवर ठेवू नका. कांदा-लसूण कच्चा, शिजवलेला किंवा पावडर, कसाही असो, लाल रक्तपेशी फोडतो. मांजरात तर किलोमागे ५ ग्रॅम कांदाही पुरतो, म्हणजे चार किलोच्या बोक्याला जेमतेम २० ग्रॅम. तुमच्या वरणाला कांदा-लसणाची फोडणी असेल तर ते दोघांनाही बंद.

पिल्लाने द्राक्षं खाल्ली तर लक्षणांची वाट पाहू नका. उलटी करवून उपयोग होण्याची वेळ साधारण पहिल्या दोन तासांची असते आणि ते काम दवाखान्यातच व्हायला हवं. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्याने रक्तातलं सोडियम वाढून दुसराच धोका उभा राहतो. किती खाल्ली, कधी खाल्ली आणि पिल्लाचं वजन किती, हे फोनवर सांगतच निघा.