विचारा गॅरेजवाल्या काकांना: गोठ्यातली जावा, फ्रीजरमधलं बेअरिंग आणि उलटी किक

गेल्या अंकात जुन्या मोटरसायकली घरच्या घरी उभ्या करण्याबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच लागला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यामुळे ज्यातून इतरांचंही भागेल अशी सहा निवडलीत. ज्यांची राहिली त्यांनी रागावू नका, पुढच्या खेपेला घेतो.

काका, गावाकडे गोठ्यात आजोबांची 1969 ची जावा पडून आहे, वीसेक वर्षं जागची हललेली नाही. किक दाबली तर दगडासारखी घट्ट, टाकीत गंज, आरसीवर अजून आजोबांचंच नाव आणि ते 2011 ला गेले. घरचे म्हणतात भंगारात घाल. मला ती स्वतः उभी करायचीये, पुण्यात पार्किंगमध्ये कोपरा मिळालाय. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, कराड)

आधी कागद, मग पाना. सगळे नेमकं उलटं करतात. माझ्या ओळखीतल्या एकाने दीड वर्ष खपून गाडी आरशासारखी केली आणि मग लक्षात आलं की आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवरचा नंबर यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही, आता ती हॉलमध्ये शोपीस म्हणून उभी आहे. तेव्हा हँडलखाली चासीची मान असते ना, तो भाग रॉकेलच्या चिंधीने हळू पुसून चासी नंबर वाच, इंजिनवरचा वाच, आरसीशी जुळव. आजोबा गेलेत म्हणजे वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31 लागेल, आणि आत्या-काका असतील तर त्यांची संमती आत्ताच घेऊन ठेव, आत्ता ते हसत सह्या देतील, गाडी चमकायला लागली की सगळ्यांना आजोबा आठवतात.

तुझी गाडी 50 वर्षांच्या पुढची आहे, म्हणजे 2021 च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणूनही नोंदवता येते. आधीपासून नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच ठेवता येतो, अगदी नव्याने नोंदणी असेल तर व्हीए सिरीजचा नंबर आणि 20,000 रुपये फी, मुदत 10 वर्षं. पण त्यात मेख आहे, व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती असल्या कामापुरतीच बाहेर काढायची, आणि गाडी मूळ रूपात असायला हवी. तुला रविवारी सिंहगडाच्या पायथ्याला भजी खायला जायचं असेल तर साधं आरसी रिन्यूअलच बरं.

आता इंजिन. जाम आहे म्हणून किकवर उभा राहून नाचू नकोस, आतली किकची दातेरी मोडली तर दुसरं काम वाढेल. प्लग काढ, भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं मिसळून अर्धी वाटी ओत आणि चार दिवस गाडीकडे बघूही नकोस. पाचव्या दिवशी टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढेमागे डोलव, जोर नाही लावायचा, डोलवायचं. केसभर जरी हललं तरी जिंकलास, परत डिझेल, परत दोन दिवस. आठवड्याभरात बहुतेक सुटतात. नाही सुटलं तर हेड आणि सिलिंडर काढावंच लागेल, तिथे हातोडी नाही, लाकडाचा ठोकळा.

सुटलं तरी लगेच पेट्रोल भरून स्टार्ट करायला जाऊ नकोस, मला माहितीये मोह होतो. ही टू-स्ट्रोक आहे, क्रँकच्या (पिस्टनच्या ये-जेने फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही बाजूंची ऑइल सीलं वीस वर्षांत वाळून कडक झाली असणार. एका बाजूने त्यांतून हवा ओढली जाते आणि पेट्रोल-हवेचं मिक्श्चर पातळ होऊन पिस्टन भाजतो, क्लचच्या बाजूने गिअरचं ऑइल आत ओढलं जातं आणि मग दोन्ही सायलेन्सरमधून इतका पांढरा धूर येतो की सोसायटीवाले फायर ब्रिगेडला फोन करतील. सीलं बदलायची म्हणजे इंजिन उघडायचं, आणि उघडताना इंजिनच्या दोन केसच्या (बाहेरच्या कवचाच्या दोन अर्ध्या भागांच्या) फटीत स्क्रूड्रायव्हर घालायचा नाही, त्या फटीचे घाव जन्मभर गळत राहतात. पुलर (ओढून वेगळं करायचं हत्यार) भाड्याने आण. कनेक्टिंग रॉडला वरखाली चाल जाणवली तर क्रँक घरी करायची वस्तू नाही, प्रेसवाल्याकडे दे आणि ट्रू, म्हणजे एका रेषेत, करून घे.

बोअर करायची, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कातून मोठा करायची, वेळ आली तर एक गोष्ट लक्षात ठेव: पिस्टन आधी, बोअर नंतर. ओव्हरसाइज पिस्टन हातात घेऊनच लेथवाल्याकडे जायचं, म्हणजे तो त्या पिस्टनच्या मापाने बोअर मारेल. आधी बोअर मारून मग पिस्टन शोधत पुण्याच्या नाना पेठेत फिरणारी माणसं मी पाहिलीत, चेहऱ्यावरून ओळखू येतात. आणि रिंगा बसवताना पिस्टनच्या खाचेत बारीकशी पिन दिसेल, रिंगचं तोंड त्या पिनवरच आलं पाहिजे, नाहीतर रिंग फिरून पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भोकात) अडकते आणि मोडते.

टाकीच्या गंजाला हजार उपाय आहेत पण तू कराडचा, तुला मळीचा उपाय सांगतो. गुरांच्या खाद्यात घालतात ती उसाची मळी एक भाग, पाणी नऊ भाग, कॉक काढून भोक बुचाने बंद करून टाकी भरून ठेव दोन आठवडे. वास असा येतो की घरात ठेवूच नकोस. पण गंज मऊ होऊन निघतो आणि चांगल्या पत्र्याला धक्का लागत नाही. फक्त लोखंडालाच हा, अॅल्युमिनियमचं काही चुकून त्यात बुडवलंस तर खाऊन टाकेल. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धू, उन्हात खडखडीत वाळव आणि लगेच आत टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये घालतात ते) फिरव, नाहीतर संध्याकाळपर्यंत परत तांबूस. टाकी गळत असेल तर वेल्डिंगवाल्याकडे तशीच देऊ नकोस, कितीही वर्षं रिकामी असली तरी आत पेट्रोलची वाफ असते आणि ती टाकी बॉम्ब होते.

बाकी काढलेला प्रत्येक नट पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव, आणि काढायच्या आधी मोबाईलवर फोटो. आपल्याला वाटतं लक्षात राहील. नाही राहत. चालू झाल्यावर पहिल्या टाक्यांना लिटरला 40 मिली टू-टी घाल आणि मुठ पिळू नकोस. रंगाचं नंतर बघू. म्हैसूरच्या फॅक्टरीतून आलेला मरून रंग अजून टाकीवर असेल, अगदी डाग पडलेला का असेना, तर माझ्या मते त्याला हातच लावायचा नाही, नुसतं पॉलिश. तसा रंग परत कोणी मारून देत नाही.

नमस्कार. येझदीची पूर्ण चासी पावडर कोटिंग करून आणली, वायरिंग नवीन, बॅटरी नवीन, बल्ब नवीन. तरी हेडलाइट मिणमिणतो, हॉर्न कण्हतो, इंडिकेटर लावला की टेललाइट लागतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो वायरिंग परत करू. करू का? (नाशिकहून)

नका करू, पैसे वाचवा. टेललाइट इंडिकेटरबरोबर नाचायला लागला की समजायचं अर्थिंग गेलंय. जुन्या गाड्यांमध्ये बॅटरीचं एक टोक चासीला असतं आणि करंट चासीतूनच परत येतो, आणि तुम्ही चासीवर प्लास्टिकचा थर चढवून आणलाय, मग करंट बिचारा मिळेल त्या बल्बमधून वाट काढतो. बॅटरीची अर्थिंगची वायर, इंजिनचे माउंटिंग, हेडलाइट आणि टेललाइटचे बोल्ट, एवढ्या ठिकाणी बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा करा, थोडं ग्रीस लावा, परत आवळा. शिवाय बॅटरीपासून इंजिनला एक जाड वायर वेगळी टाका. तरी नाही जमलं तर मला शिव्या घाला.

आणि आता हात लावताय तर मान तपासा, पावडरच्या थराखाली चासी नंबर बुजलाय का. आरटीओत पेन्सिलने त्याची छाप घेतात, आकडे उठले नाहीत तर गाडी तुमची आहे हे सिद्ध करत बसावं लागेल. सँडब्लास्टिंगला देतानाच त्या जागेवर जाड टेप मारायला सांगायचं असतं, कोणी सांगत नाही.

काका, माझी तक्रार आहे. आमच्या ह्यांनी बुलेटचं इंजिन बाल्कनीत उघडलंय. काल फ्रीजरमध्ये मटाराच्या पिशवीखाली दोन लोखंडी रिंगा सापडल्या, विचारलं तर म्हणे बेअरिंग आहे, थंड व्हायला ठेवलंय. आणि आता माझा ओव्हन मागतायत. हे खरंच असं करतात का, की मला वेड्यात काढतायत? (ठाणे)

वहिनी, बेअरिंगच्या बाबतीत ते खरं बोलतायत. थंडीने बेअरिंग अगदी किंचित आक्रसतं, अॅल्युमिनियमची केस गरम केली की पसरते, मग बेअरिंग हाताने टक् करून जागेवर बसतं, तो आवाज फार गोड असतो. हे न करता हातोडीने ठोकलं तर केसच खराब होते. तेव्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळून एक रात्र फ्रीजर द्या.

ओव्हन मात्र देऊ नका. केसला कितीही धुतलं तरी ऑइल मुरलेलं असतं, त्या वासाचा केक कोणी खाणार नाही. त्यांना म्हणावं जुनी इलेक्ट्रिक शेगडी आणा, त्यावर केस पालथी ठेवा, पाण्याचा थेंब टाकला की चुर्र झालं पाहिजे, तेवढं पुरे. त्यासाठी तवा मागितला तर तो परत स्वयंपाकघरात घेऊ नका.

दादा, 1994 ची बुलेट आहे, बॉबर करायचीये. मागची चासी कापून सिंगल सीट, बारीक मडगार्ड, मोठा आवाजाचा सायलेन्सर. इथला फॅब्रिकेटर म्हणतो दोन दिवसांत करून देतो. काय म्हणता? (कोल्हापूर)

दोन दिवसांत करून देतो म्हणणाऱ्याकडे माझी सायकलही देणार नाही मी.

चासी कापायची नाही. कायद्याचं आधी सांगतो, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा आरसीवरची माहिती वेगळी ठरेल असा बदल चालत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलंय. सायलेन्सरचं तर तू पेपरात फोटो पाहिले असशील, पोलीस जप्त करून ओळीने मांडतात आणि वरून रोडरोलर फिरवतात. तुझ्या पाच-सहा हजारांची चपाती होते, वर दंड. शिवाय बुलेटचा मूळ धीमा ठोका घालवून फटाके वाजवायचे यात मला काय मजा ते अजून कळलेलं नाही, पण ते माझं वय बोलतंय असं समज.

कायदा बाजूला ठेवला तरी कापलेल्या जागी वेल्ड कसा घेतलाय हे तुला बाहेरून कळणार नाही, खंबाटकीच्या वळणावर कळेल. त्यापेक्षा मी नियम केलाय, जे बोल्टाने लागतं तेच लावायचं, आणि काढलेलं सगळं कापडात गुंडाळून माळ्यावर. स्प्रिंगवाली सिंगल सीट मूळ भोकांवर ब्रॅकेट करून बसते. मडगार्ड दुसरा आणून छाटायचा, मूळ नाही. रंग बदललास तर आरटीओत जाऊन आरसीवर नोंद कर. हँडल रुंद किंवा खाली केलंस तर केबलींची लांबी बघ, गाडी स्टार्ट ठेवून हँडल एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळव, रेस आपोआप वाढली तर केबल ताणली जातेय, तशी गाडी रस्त्यावर नेलीस तर यू-टर्नला ती तुला पळवेल.

पेट्रोल आता इथेनॉलवालं येतं, जुनी गाडी चालवू की नको? महिन्यातून एकदाच काढतो. (अलिबाग)

चालवा. 20 टक्के इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे वॉशर फुगतात, ते बदलून नवीन प्रकारचे घ्या. खरा त्रास उभ्या गाडीला, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि तुमच्याकडे हवेत पाणीच पाणी. त्यामुळे परत आल्यावर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, कार्ब्युरेटर रिकामा होतो. प्लग काढून बघा अधूनमधून, दुधाच्या चहाचा रंग असेल तर ठीक, पांढरा पडला असेल तर कार्ब्युरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक नंबर मोठा घाला.

काका, मी 19 वर्षांची आहे, बाबांची 1986 ची बुलेट मीच साफसूफ करून उभी केली. पण किक उलटी मारते, परवा पायाला लागून सूज आली. बाबा म्हणतात तुझं वजन कमी पडतं, सोडून दे. खरंच वजन लागतं का? (वेंगुर्ला)

अजिबात नाही. बाबांना सांग, बुलेटला वजन नाही, काटा लागतो. हेडलाइटच्या डोक्यावर अँपिअरचा छोटा मीटर आहे ना, त्यातच सगळं लिहिलेलं असतं. चावी ऑन कर. किक हाताने ढकलल्यासारखी सावकाश दाब, काटा मायनसकडे झुकेल, दाबत राहा, पायाला दाब जाणवेल आणि एका क्षणी काटा टक्कन मध्यावर येईल. थांब. आता डीकॉम्प्रेसरची (इंजिनातला दाब सोडायची) छोटी लिव्हर ओढून किक बोटभर पुढे ने, लिव्हर सोड, किक पूर्ण वर येऊ दे. मग मुठीला हात न लावता एका दमात खालपर्यंत, आणि अर्ध्यात पाय सोडायचा नाही. माझी आत्या ही गाडी नऊवारीत स्टार्ट करायची.

तरीही उलटी मारली तर दोष तुझा नाही, टायमिंग पुढे गेलंय, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडते. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटच्या (ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या स्विचच्या) प्लेटखाली दोन छोटी वजनं स्प्रिंगांवर असतात, वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि टायमिंग पुढे करतात. उभ्या गाडीत ती गंजून बाहेरच अडकून बसतात. उघडून बोटाने ओढून बघ, सोडल्यावर चटकन परत आली पाहिजेत. नाही आली तर रॉकेलने धू, थेंबभर ऑइल सोड, आणि पॉइंटवर ऑइल जाऊ देऊ नकोस. तोवर चपलेत किक मारायची नाही, बूट घाल.