शेवंतीला नुसती पानंच?

प्रश्न: ताई, आमच्या पुण्यातल्या बाल्कनीत उन्हाळ्यात मोगरा भरभरून येतो, पावसात तेरडा आणि गुलबक्षी, पण शेवंतीचं दिवाळी उलटली तरी नुसती पानंच वाढतायत, कळी एक नाही. खत कमी पडतंय का?

उत्तर: खत नको हो, युरिया जास्त झाला की पानंच माजतात. मला आधी सांगा, कुंडीवर रात्री लाइट पडतो का, बाल्कनीतली ट्यूब नाहीतर रस्त्यावरचा दिवा? शेवंतीला कळी धरायला रोज लांबलचक सलग अंधार लागतो, म्हणून तर ती दिवस लहान व्हायला लागले की फुलते, आणि रात्रभर उजेड असला तर तिला वाटतं अजून उन्हाळाच चालू आहे, मग बिचारी पानं काढत बसते. रात्री उजेड येणार नाही अशा जागी हलवा, पण दिवसा चार-पाच तास ऊन हवंच. शेंडे खुडायचे ते पावसाळ्यात, आता खुडलेत तर येणारी कळीही जाईल. मोगऱ्याचं पाणी थंडीत कमी करा आणि जानेवारीच्या शेवटी छाटा, तो नव्या फुटीवर फुलतो. तेरड्याची बोंडं राहिली असतील तर बी हळूच काढून घ्या, जरा धक्का लागला की फुटून सगळीकडे उडतं.