सुपरहिरो कॉमिकमध्ये पात्र थेट वाचकाशी बोलतं, तरी हसू का येत नाही?

तुम्ही लिहिलंय की तुमचा नायक दर पानावर वाचकाकडे वळून शेरा मारतो, वर चौकटीत त्याचं निवेदनही चालू असतं, आणि तरी मित्र ढिम्म. मी हौसेने कॉमिक लिहितो आणि या खड्ड्यात पडून आलोय, म्हणून उत्तर देतोय.

आपण कॉमिकमधलं पात्र आहोत हे नायकाला माहीत आहे, ही गंमत एकदाच चालते. दुसऱ्यांदा वाचक म्हणतो, बरं, मग? त्या माहितीचा नायकाला काही उपयोग व्हायला हवा, नाहीतर निदान ताप तरी.

लेखक-चित्रकार जॉन बर्नची 1989 साली सुरू झालेली 'द सेन्सेशनल शी-हल्क' ही कॉमिक मालिका वाचा. शी-हल्क ही तिची सुपरहिरो नायिका. पहिल्याच मुखपृष्ठावर बाई वाचकाला दम देतात : या खेपेला माझं कॉमिक घेतलं नाहीत तर घरी येऊन तुमचे एक्स-मेनचे अंक फाडून टाकीन. 'या खेपेला' अशासाठी, की तिची आधीची मालिका 1982 मध्ये बंद पडली होती. म्हणजे दमदाटीच्या आड पोटापाण्याची काळजी आहे. पुढे एकदा ती चक्क पान फाडून मधल्या जाहिरातींवरून चालत पलीकडच्या प्रसंगात पोचते. शॉर्टकट!

पण माझी लाडकी आहे त्यातली लुईस मेसन. ही 1946 ची नायिका, ब्लाँड फँटम. बर्नच्या मालिकेत ती वय झालेली, अंगाने सुटलेली अशी भेटते. तिच्या लक्षात आलंय की कॉमिक छापलं जातंय तोवर पात्राचं वय वाढत नाही. मालिका बंद झाली की म्हातारपण सुरू. मग ती सरकारी वकिलाच्या ऑफिसात शी-हल्कला नोकरी लागेल अशी व्यवस्था करते. कशासाठी? तर तिची सहकारी म्हणून आपणही छापले जाऊ. मी आधी खूप हसलो, आणि मग पान उलटायला जरा वेळ लागला. कॉमिकचा एक नियम, म्हातारपणाची भीती आणि कथानकाची सुरुवात, सगळं एकाच विनोदात.

तुमच्या डोक्यात बहुतेक वाचकाशी सतत बोलणारा डेडपूल असणार. तो 1991 मध्ये आला तेव्हा साधा भाडोत्री मारेकरी होता. वाचकाशी बडबडायची खोड 1997 च्या मालिकेपासून अंगात मुरत गेली. त्याच्याकडून शेरे उचलू नका, चौकटी उचला. 2008 च्या मालिकेत त्याच्या डोक्यातले दोन आवाज वेगवेगळ्या चौकटींतून त्याच्याशीच हुज्जत घालतात. तिथे निवेदन हे एक पात्रच झालंय.

तुमचं निवेदन मात्र चित्राचीच री ओढतंय, असं वर्णनावरून वाटतं. चित्रात भिंत फुटलेली दिसत असताना वर 'मी भिंत फोडली' कशाला? नायक कचराकुंडीत उलटा पडलाय आणि चौकटीत लिहिलंय, 'मी विचारपूर्वक माघार घेतली', असं करून बघा. चित्र खरं बोलू दे, निवेदनाला थापा मारू दे.

आणि वाचकाकडे वळायची युक्ती फक्त हसवायलाच असते असं नाही. लेखक ग्रँट मॉरिसनच्या 'ॲनिमल मॅन' या कॉमिकमध्ये 1990 साली नायक पानातून वर बघतो आणि त्याला आपण, म्हणजे वाचक, दिसतो. तिथे अंगावर काटा येतो.

मी माझ्या आठ पानी गोष्टीत प्रत्येक शेऱ्यावर अंगठा ठेवून वाचत गेलो. शेरा झाकूनही गोष्ट तशीच पुढे सरकली की तो कापला. अकरातले दोन उरले, आणि त्यातलाही एक माझ्या चित्रकार मित्राला अजून पटलेला नाही.