तोल सांभाळायच्या क्लासचे पैसे कोण देतं?

प्रश्न : ताई, मी ७१ वर्षांची. मुलीकडे न्यू जर्सीला सहा महिने राहून आले. तिथल्या सीनियर सेंटरला ती मला सोडायची, तिथे म्हाताऱ्या माणसांनी पडू नये म्हणून तोल सांभाळायचा क्लास होता, फी काही नाही, दाराशी फक्त एक डबा ठेवलेला, वाटलं तर टाका. इकडे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात विषय काढला तर सगळे म्हणाले पैसे आणायचे कुठून. मग तिकडे कुठून येतात?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : काकू, बरं झालं विचारलंत. तिकडे १९६५ पासून ज्येष्ठांसाठी केंद्राचा कायदाच आहे, ओल्डर अमेरिकन्स अ‍ॅक्ट, आणि त्यात माणूस आजारीच पडू नये यासाठीचा पैसा वेगळा काढून ठेवलेला असतो. तो केंद्राकडून राज्याला जातो, साठीच्या पुढची माणसं किती हे मुख्यतः बघून, राज्याकडून त्या त्या भागाच्या ज्येष्ठांच्या कार्यालयाला आणि तिथून तुमच्या सेंटरपर्यंत. रक्कम म्हणाल तर अख्ख्या देशाला वर्षाला अडीच कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे तशी थोडीच, म्हणून मग स्थानिक सरकार, देणगीदार, फुकट शिकवणारे स्वयंसेवक असं सगळं मिळून ते चालतं. तो डबाही कायद्याला धरूनच आहे, देणगी मागता येते पण दिली नाही म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही. आणि मला सगळ्यात आवडलेली अट म्हणजे हा पैसा फक्त ज्याचा उपयोग होतो हे अभ्यासातून दिसलंय अशाच कार्यक्रमाला मिळतो.

आता आपलं. पैसा अगदीच नाही असं नाहीये. २०१०-११ पासून केंद्राचा ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, महाराष्ट्रात त्याचा खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के करतं, पण तो बहुतेक सरकारी दवाखान्यातली ओपीडी, वॉर्ड, फिजिओथेरपी यात जातो, तुमच्या संघाच्या हॉलपर्यंत काही येत नाही. सत्तरीच्या पुढच्यांना ५ लाखांचं आयुष्मान कार्ड मिळतं तेही अ‍ॅडमिट झाल्यावर. म्हणजे खुबा मोडला की पैसे आहेत, मोडू नये म्हणून नाहीत. मला याचा मनापासून त्रास होतो.

दुसरं म्हणजे आपल्याकडे वस्तूला पैसे मिळतात, माणसाला मिळत नाहीत. मी जिथे जाते त्या विरंगुळा केंद्रात बाक आले, पत्रा आला, कॅरम आला, पण फिजिओ मुलीचं मानधन कोण देणार यावर तीन महिन्यात क्लास बंद पडला, आणि तोपर्यंत आमच्यातले एक आजोबा खुर्चीची पाठ न धरता एका पायावर दहा आकडे उभे राहायला लागले होते हो!

म्हणून तुम्ही पैसे मागायला जाल तेव्हा क्लाससाठी मदत द्या असं मोघम म्हणू नका. शिकवणाऱ्याचं मानधन किती, आठवड्यातून किती वेळा, किती महिने, किती माणसं, एवढं एका कागदावर लिहून न्या. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठीचा पैसा, हा चांगला रस्ता आहे, कायद्याने मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो आणि कुठल्या कामांवर करायचा त्या यादीत ज्येष्ठांची डे केअर केंद्रं आणि आजार टाळण्याचं काम दोन्ही आहे, फक्त पैसे घेणाऱ्या संस्थेचं सीएसआर-१ रजिस्ट्रेशन लागतं. तुमच्या संघाचं नसेल तर ज्या ट्रस्टचं आहे त्यांच्याबरोबर करा, एकट्याने धावपळ करू नका.

प्रश्न : मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३००० रुपये अशा क्लासला चालतील का?

उत्तर : ते ज्याचे त्याच्या खात्यात येतात, ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत असेल तर. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर याच्यासाठी आहेत, योगोपचार केंद्राचाही त्यात उल्लेख आहे, पण संघाने सगळ्यांचे गोळा करून क्लास चालवावा अशी काही ती योजना नाही, तसं करू नका. ज्याला काठी हवीय त्याला आधी काठी घेऊ दे.

आणि काकू, क्लास सुरू झालाच तर हॉलमधल्या त्या हलक्या प्लास्टिकच्या खुर्च्या नकोत, धरली की सरकतात. जड लाकडी बघा, कुणाच्या तरी माळ्यावर नक्की असतील.